गल्फला जाताय? चावी कुणाकडे राहील ते आधी विचारा

गोव्यातला दत्तभक्त आयुष्यात एकदा तरी गाणगापूरला जातोच. भीमा-अमरजेच्या संगमावर स्नान, निर्गुण मठात पादुकांचं दर्शन, दुपारी माधुकरी आणि येताजाता अक्कलकोट. हे गाणगापूर कलबुर्गी जिल्ह्यात, म्हणजे आपल्या तोंडातल्या जुन्या गुलबर्ग्यात येतं हे मात्र अनेकांच्या ध्यानात नसतं. ध्यानात राहणार तरी कसं? पुजारी मराठी बोलतो, फुलवाला मराठी बोलतो, दुकानातली पोथी मराठी. आपण कर्नाटकात आहोत हे दुकानांवरच्या पाट्या सांगतात तेवढंच.

मागच्या खेपेला तिथल्या एका खानावळीत जेवत होतो. ज्वारीची भाकरी आणि तिथल्या तुरीचं घट्ट वरण. (गुलबर्ग्याच्या तूरडाळीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. का मिळालं ते एक वाटी वरण खाल्लं की कळतं.) मी गोव्याचा म्हणताच खानावळीचे मालक समोर येऊन बसले. त्यांच्या भाच्याला कुवेतचा व्हिसा आला होता. एजंट सव्वा लाख मागत होता.

"काका, तुमच्या गोव्याची माणसं लई वर्षांपासून तिकडं जातात की. जाताना काय काय बघून जायचं असतं, तेवढं सांगा."

वाचकहो, खरं सांगतो, घास हातातच राहिला. इतक्या वर्षांच्या अनुभवाची शिदोरी असलेल्या गोंयकाराला एका साध्या माणसाने साधा प्रश्न विचारला आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं! पेटीत सोलां किती न्यावीत, सुके बांगडे कसे बांधावेत, सोनं किती आणता येतं, हे सगळं मला पाठ होतं. आपल्या घराघरांत गल्फविषयी जे बोललं जातं ते एवढंच.

आमच्या लहानपणी कुवेतहून कोणी आलं की गावात सण असे. टँगची बरणी, नीडोचा डबा, टू-इन-वन, अत्तराचा वास. मग जुन्या घराच्या जागी स्लॅबचं घर उभं राही. त्या घराचा मालक तिकडे एका खोलीत कितीजणांबरोबर झोपतो, हे आम्ही कधी विचारलं नाही आणि त्यानेही कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर स्लॅबची शान गेली असती ना! माझा रोख आहे तो या गप्प बसण्यावर. जाणाऱ्यांना मी नावं ठेवत नाही. पोट कुणाला चुकलंय? पण जे आधी गेले त्यांनी पुढच्याला खरं सांगितलं नाही, आणि आपण ते ऐकायची इच्छाही दाखवली नाही.

नाही म्हणायला एकदा सगळं उघडं पडलं होतं. २ ऑगस्ट १९९० रोजी इराकने कुवेतमध्ये सैन्य घुसवलं आणि एका रात्रीत आपली माणसं निर्वासित झाली. वाळवंट तुडवत अम्मान गाठलं तेव्हा एअर इंडियाची विमानं मिळाली. सुमारे १ लाख ७० हजार भारतीय परत आले. पंधरा-वीस वर्षांची मिळकत बँकेत, कपाटात, गाडीत तशीच राहिली. आपण त्यातून काय शिकलो? कुवेत मोकळं झालं आणि पुन्हा पेट्या भरल्या. असो.

आता कलबुर्गीकडेच वळू. १२ जून २०२४ च्या पहाटे कुवेतच्या मंगफ भागात कामगारांच्या एका इमारतीला आग लागली. दोनशेच्या घरात माणसं तिथे राहत होती. तळमजल्यावर विजेच्या बिघाडाने पेट घेतला आणि धूर जिन्यातून वर चढला. पन्नासच्या आसपास माणसं दगावली, त्यांतले ४५ आपले भारतीय. बहुतेकांचा जीव धुराने घेतला. छपरावर जाणारं दार कुलूपबंद होतं, असं नंतर तपासातून पुढे आलं. कुवेतच्या उपपंतप्रधानांनीच घरमालकांच्या हावरेपणावर बोट ठेवलं. हवाई दलाच्या विमानाने शवपेट्या आणल्या, त्या आधी कोचीला उतरल्या कारण निम्मे मृत केरळचे होते. पण त्या यादीत एक नाव कलबुर्गी जिल्ह्यातल्या आळंद तालुक्याचं होतं. आळंद म्हणजे गाणगापूरच्या शेजारचाच तालुका, महाराष्ट्राच्या सीमेला लागलेला.

त्या माणसाला स्वयंपाकघर केवढं, पगार केवढा, ओव्हरटाइम किती हे सगळं माहीत असणार. दाराची चावी कुणाकडे आहे, हे विचारायचं असतं हे त्याला कोणी सांगितलं असेल का?

म्हणून माझं म्हणणं एका वाक्यात सांगतो. गल्फच्या शहराला तुमचे हात हवे असतात, तुम्ही नको असता. तिथे तीस वर्षं काढा, नागरिकत्व मिळत नाही. नोकरी संपली की मुक्काम संपला. त्यात लपवाछपवी काही नाही, त्यांचा कायदाच तसा आहे. मग जाणाऱ्याने 'पगार किती' हा प्रश्न शेवटी विचारावा. आधी विचारावं ते हे, की कागदाची चावी, छपराची चावी आणि परतीच्या वाटेची चावी कुणाच्या खिशात राहणार?

कागदापासून सुरुवात करू. दहावी न झालेल्याच्या पासपोर्टवर 'ईसीआर' असतं. म्हणजे गल्फसकट अठरा देशांत नोकरीला जाण्याआधी सरकारी परवानगी हवी. लोक याला कटकट समजतात. वास्तविक त्या कटकटीमुळेच करार ई-मायग्रेट यंत्रणेत नोंदला जातो आणि दहा लाखांचा प्रवासी भारतीय विमा उतरवावा लागतो. त्याचा हप्ता दोन वर्षांना २७५ रुपये ठरलेला, म्हणजे एका जेवणाइतका! नोंदणी झालेल्या एजंटाने घ्यायच्या शुल्काची मर्यादाही सरकारने तीस हजार आणि वर जीएसटी अशी घातली. आता खानावळवाल्यांचे सव्वा लाख आठवा. वरचे पैसे कशाचे? बहुतेक वेळा ते या कटकटीला बगल देण्याचे असतात. एजंट म्हणतो, "आधी फिरायच्या व्हिसावर जा, तिथे गेल्यावर बदलून देतो." त्या क्षणी विमा गेला, करार गेला, आणि तक्रार करायला गेलात तर गुन्हेगार तुम्हीच, कारण त्या व्हिसावर काम करणंच बेकायदा.

छप्पर. तिकडे एकट्याने राहणाऱ्या कामगाराला 'बॅचलर' म्हणतात, मग त्याला गावी बायको आणि चार मुलं का असेनात. तो भाड्याने घेतो ती 'बेड स्पेस', म्हणजे खोलीतला एक पलंग. मालकाने राहायची सोय दिली असं करारात वाचून हुरळून जाऊ नका. खोलीत किती माणसं, जिने किती, छपराचं दार उघडं असतं का, हे तिथे आधीपासून असलेल्या माणसाला फोन करून विचारा. लाज कसली त्यात? मुलगी देताना घर बघतो की नाही आपण?

परतीची वाट ही सगळ्यांत मोठी चावी. कतारने २०१८ पासून बहुतेक कामगारांसाठी देश सोडायला मालकाची परवानगी लागण्याची अट काढली, २०२० मध्ये घरकामगारांनाही त्यातून सोडवलं. कुवेत मात्र उलट्या दिशेने गेलं. १ जुलै २०२५ पासून तिथे खासगी नोकरीतल्या परदेशी माणसाला देशाबाहेर पडण्याआधी मालकाच्या मंजुरीचा परवाना घ्यावा लागू लागला. आई आजारी पडली, मालक मंजुरीला टाळाटाळ करतो, तर काय करणार? गल्फ गल्फ म्हणून सगळ्यांना एकाच मापाने मोजू नका. प्रत्येक देशाचा कायदा वेगळा आणि तो बदलतो.

आता आमचे शिकलेले गोंयकार म्हणतील, "हें घाट्यांखातीर. आमचो भुरगो अकाउंटंट, ताका कितें?" अहो, कुवेतचा हा परवाना अकाउंटंटलाही लागतो! आणि अमिरातीचं सांगतो. तिथे नोकरी सोडताना ग्रॅच्युइटी मिळते, पहिल्या पाच वर्षांसाठी वर्षाला २१ दिवसांचं वेतन, पुढे ३० दिवसांचं. पण ती मोजतात मूळ वेतनावर. तीन हजार दिरहॅमच्या पगारात मूळ वेतन एक हजार आणि बाकी भत्ते असतील तर हिशोब हजाराचाच. तुमच्या पदवीधर मुलाने करारातला तो एक आकडा वाचला होता का? २०२० च्या महामारीत नोकऱ्या गेल्या तेव्हा वंदे भारतच्या विमानांतून पदवीधरही परत आले, आणि तिकिटाचे पैसे स्वतःचे मोजून आले. पदवीने पलंग मऊ मिळतो, एवढंच.

एक धोका मात्र नवा आहे. गल्फमध्ये पोचलेला माणूस पुढच्या एजंटाचं सावज होतो. कलबुर्गीचेच तीन तरुण दुबईत काम केलेले. त्यांना रशियात सुरक्षारक्षकाच्या नोकरीचं आमिष दाखवलं गेलं आणि ते पोचले युक्रेनच्या युद्धात. २०२४ च्या सुरुवातीला त्यांची हाक जगाला ऐकू आली, सप्टेंबरमध्ये ते घरी परतले. ते सुदैवी. त्याच फेऱ्यात सापडलेला सुरतचा एक तरुण परत आला नाही. घरावर कर्ज असलं की माणूस दुसऱ्या हाकेलाही ओ देतो. म्हणून एजंटाला दिलेले सव्वा लाख म्हणजे पुढल्या संकटाची अनामत रक्कमच समजा.

आता जरा कडू बोलतो, रागावू नका. कुवेतच्या घरमालकाला हावरट म्हणायचा आपल्याला काय अधिकार? विजापूर, बागलकोट, कलबुर्गीकडचा माणूस पोटासाठी आपल्या गोव्यात येतो. पर्वरीच्या, वास्कोच्या इमारती कोणी बांधल्या? तो राहतो कुठे? बांधकामाशेजारी पत्र्याच्या शेडमध्ये, खोलीत आठ-दहा जण, पावसात गुडघाभर चिखल. त्याचा भाडेकरार नाही, ठेकेदाराकडे पगाराची उचल अडकलेली, भाडं वसूल करणारे आपणच. आणि तोंडाने त्याला म्हणतो काय? 'भायलो'. 'घाटी'. तिकडे आपल्याला कोणी असं म्हटलं की टाहो फोडतो, वर्तमानपत्रात पत्रं लिहितो! गाणगापुरात त्याच्या गावच्या माणसाने आपल्याला 'काका' म्हणून वरण वाढलेलं असतं हो.

कुणी म्हणेल, हा विषयाला फाटा. मला तसं वाटत नाही. आपल्या दारात आलेल्या कामगाराला काय लागतं हे ज्या समाजाला दिसत नाही, तो आपल्या मुलाला परमुलखात धाडताना तरी काय बघणार? पत्र्याच्या शेडचं दार रात्री बाहेरून कोणी लावतं का, हे ज्याने कधी पाहिलं नाही, त्याला मंगफच्या छपराचं कुलूप सुचणार नाही.

खानावळवाल्यांना मी त्या दिवशी नीट उत्तर देऊ शकलो नाही. गोव्याला आल्यावर फोन केला. म्हटलं, भाच्याला सांगा, एजंटाचा नोंदणी क्रमांक ई-मायग्रेटवर तपासून घे. कराराची प्रत इथेच हातात घे आणि एक घरी ठेव. पासपोर्टच्या छायाप्रती तीन ठिकाणी ठेव. फिरायच्या व्हिसावर पाऊल टाकू नकोस. भारतीय दूतावासाचा नंबर फोनमध्येच नव्हे, कागदावरही लिहून ठेव. परतीच्या तिकिटाइतके पैसे आईजवळ ठेव, त्यांना काही झालं तरी हात लावायचा नाही. आणि खोलीवर पोचलास की सामान टाकण्याआधी जिना चढून छपराचं दार उघडून बघ.

पलीकडे थोडा वेळ शांतता होती. मग ते म्हणाले, "काका, हे तुमच्या गावच्या पोरांनाबी सांगता का?"

सांगतो आहे. म्हणूनच हे लिहिलं.