वीस वर्षं जुनी म्हणून काय झालं?



गेल्या महिन्यात आमच्याकडे परदेशातून नातेवाईक आले होते. जाताना यजमानांच्या हातात एक लाकडी पेटी ठेवून गेले. आत फ्रान्सच्या बोर्दो भागातली लाल वाईन, २००५ सालची. म्हणाले, "हे साल फार गाजलेलं आहे. ठेवा शोकेसमध्ये. आणि कधी चव घेतलीच, तर पाप नाही. द्राक्षाचाच तर रस आहे. शुद्ध शाकाहारी!"

मी तेव्हा गप्प बसले. पाहुण्यांसमोर तोंड उघडायचं नाही ही आपली शिकवण. पण ते वाक्य मनातून जाईना, म्हणून आज लिहिते आहे.

आधी त्या बाटलीचा मान तिला देऊन टाकते. बोर्दोतल्या द्राक्षमळ्यांना 'शातो' म्हणतात. १८५५ मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनासाठी तिसऱ्या नेपोलियनच्या सांगण्यावरून त्यांची प्रतवारी लावली गेली. पहिल्या प्रतीत लाफित, लातूर, मार्गो आणि ओ-ब्रियों हे चार मळे होते. पाचवा, मुतों, १९७३ मध्ये त्या रांगेत बसला. म्हणजे ११८ वर्षं पहिल्या प्रतीची यादी हललीच नाही. साल, माती, पाऊस, वेलीचं वय, सगळ्याचा हिशोब ठेवतात ती माणसं. आपल्या कास्तकाराला कळेल अशीच मेहनत आहे ती. त्या मेहनतीबद्दल माझी काही तक्रार नाही.

माझी तक्रार 'द्राक्षाचा रस' या शब्दांशी आहे.

रस आपण काढतो आणि पितो. तिथे द्राक्षं चेचून सालीसकट ठेवतात. त्यातले यीस्टचे सूक्ष्म जीव साखर खातात आणि तिचा मद्यार्क करतात. मग ती ओकच्या पिंपात महिनोन्‌महिने मुरते, पुढे बाटलीत वर्षानुवर्षं. जुनी झाली की तिचा तुरटपणा मऊ होतो, तळाशी गाळ बसतो, वास बदलतो. पण शंभर भागातला बारा-तेरा भाग मद्यार्क आहे तिथेच राहतो. वय झालं म्हणून दारू निवत नाही.

आता 'शुद्ध शाकाहारी'चं बघू. लाल वाईन नितळ करण्याची बोर्दोतली जुनी रीत म्हणजे पिंपात अंड्याचा पांढरा बलक घालणं. २२५ लिटरच्या एका पिंपाला साधारण पाच-सहा अंडी. बलक तुरट अंश धरून खाली बसतो आणि वरची वाईन काढून घेतात. काही ठिकाणी जिलेटीन वापरतात, काही ठिकाणी माशाच्या पिशवीपासून केलेला पदार्थ. बाटलीवरून ते कळेलच असं नाही. केकमध्ये अंडं आहे का, हे बेकरीवाल्याला तीन-तीनदा विचारणाऱ्या आपण, इथे एकदाही विचारत नाही!

कोणी म्हणेल, काही जण नुसती माती वापरून वाईन नितळ करतात. करतात, खरं आहे. म्हणून मी माझा मुद्दा अंड्यावर उभा करत नाही. अंडं काढलं तरी मद्य उरतंच. आपल्या अष्टमूलगुणांत मद्यत्याग आहे, सप्तव्यसनांत मद्य आहे. आचार्य अमृतचंद्रांनी 'पुरुषार्थसिद्ध्युपाया'त दोन कारणं दिली आहेत. एक, मद्य हे रसात जन्मणाऱ्या असंख्य जीवांचं ठिकाण आहे. दुसरं, मद्य मनाला मोहित करतं, आणि मोहित झालेला माणूस धर्म विसरतो. किमतीची किंवा वयाची सूट त्यांनी कुठेच ठेवलेली नाही.

"मग दह्यातही जीव असतात, ते कसं चालतं?" हा प्रश्न मला घरातच आला. दह्याचीही आपण मर्यादा पाळतो, शिळं खात नाही. आणि दही खाऊन कोणाचा विवेक गेल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

राहिला 'थोडी वाईन हृदयाला बरी' हा मुद्दा. २०२३ च्या जानेवारीत जागतिक आरोग्य संघटनेने स्पष्ट सांगितलं की मद्याचं कोणतंही प्रमाण सुरक्षित म्हणता येत नाही. विषय संपला.

पण मला खरं टोचतं ते वेगळंच. आमच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या मावशींचा नवरा मोहाची पितो. तिच्या हातावरचे वळ मी पाहिलेत. त्याला आपण सगळे 'बेवडा' म्हणतो. आणि तोच मद्यार्क लाकडी पेटीतून आला की 'कलेक्शन' होतो! २०२२ च्या जानेवारीत राज्य मंत्रिमंडळाने सुपरमार्केटात वाईन विकायला मंजुरी दिली, तेव्हा मोठमोठी माणसं सांगत होती की वाईन म्हणजे दारू नव्हे, यात शेतकऱ्याचं भलं आहे. कोणत्या शेतकऱ्याचं? नाशिकच्या काही बागायतदारांचं होईलही. आपल्या यवतमाळात कापूस, तूर, सोयाबीन पिकतं. इथल्या शेतकऱ्याच्या घरात दारूने काय केलंय, ते गावोगावच्या बायांना विचारा. शेजारचं वर्धा कधीचं दारूबंदीचं आहे. चंद्रपुरात २०१५ ला बंदी आली आणि २०२१ ला उठली. आपल्या जिल्ह्यातही बायांनी 'स्वामिनी' म्हणून एकत्र येऊन बंदी मागितली. उन्हातान्हात मोर्चे काढले. त्यात आपल्या समाजातल्या किती जणी होत्या? मी नव्हते. हे लिहिताना मान खाली जाते.

म्हणजे आपला मद्यत्याग ताटापुरता राहिला. गरिबाच्या दारूला नाक मुरडायचं, श्रीमंताच्या दारूला काच लावायची. दारूची किळस नव्हतीच आपल्याला, गरिबीची होती.

"प्यायची नाही, नुसती ठेवायची" हेही मला पटत नाही. शोकेसमध्ये आपण काय ठेवतो? मुलांच्या ट्रॉफ्या, सासूबाईंच्या मासक्षमणाच्या वेळचा फोटो, शिखरजीहून आणलेली चांदीची प्रतिकृती. ज्याचा अभिमान वाटतो ते. त्या रांगेत ही बाटली ठेवली, की माझ्या चौदा वर्षांच्या मुलाला मला वेगळं काही सांगावंच लागणार नाही. तो बघून शिकेल. पाठशाळेत सात व्यसनं पाठ करायची आणि घरी येऊन सातांपैकी एक काचेआड सजवलेलं बघायचं!

आठ दिवस घरात धुसफूस झाली. यजमान म्हणाले, इतकी महाग वस्तू, समोरच्याला काय वाटेल? मी म्हटलं, आपल्याला काय वाटतं ते आधी ठरवू या. शेवटी त्यांनीच फोन केला. बाटली विकली नाही, कोणाला दिलीही नाही, कारण आपण टाकलेलं व्यसन दुसऱ्याच्या घरी पोचवणं हाही त्याग नव्हे. ज्यांची होती त्यांच्या नागपूरच्या घरी परत गेली. ते थोडे दुखावले. त्याबद्दल क्षमापनेला मी त्यांच्याकडे हात जोडीन. बाटलीबद्दल नाही.

मावशींना मात्र मी काल पहिल्यांदा विचारलं, तुमच्या वस्तीतल्या बायांची बैठक कधी असते. म्हणाल्या, "मंगळवारी. तुम्ही येता?"

जाणार आहे.