विश्लेषण: १७ किलोमीटर उंचीवरच्या एअरशिपला उन्हाची धास्ती का?

डीआरडीओने ३ मे २०२५ रोजी मध्य प्रदेशातील श्योपूर येथून स्ट्रॅटोस्फेरिक एअरशिपची पहिली चाचणी घेतली. आग्रा येथील 'एडीआरडीई' प्रयोगशाळेने विकसित केलेले हे एअरशिप सुमारे १७ किलोमीटर उंचीवर गेले. उड्डाण साधारण ६२ मिनिटे चालले. टेहळणीसाठी असे यान दिवसेंदिवस आकाशात ठेवायचे, तर सर्वांत मोठ्या अडचणींपैकी एक आहे उष्णता.

इतक्या थंडीत गॅस तापतो कसा?

रावेतमध्ये उन्हाळ्यात दुपारी गच्चीवरच्या प्लास्टिकच्या टाकीतले पाणी चटका बसेल इतके तापते. टाकी ऊन शोषते आणि उष्णता आतल्या पाण्याला देते. एअरशिपचे कापडी आवरण हेच करते. अशा यानांत सहसा हेलियम असतो. बाहेर उणे ७० अंश असले, तरी तिथली हवा समुद्रसपाटीच्या जेमतेम एक-नवमांश दाट असते. त्यामुळे आवरणाची उष्णता वाहून न्यायला हवा पुरत नाही.

मग बिघडते काय?

गॅस उणे ७० वरून उणे ४० अंशांवर आला आणि फुगायला जागा नसली, तर त्याचा दाब सुमारे १५ टक्क्यांनी वाढतो. आवरणाची शिवण फाटू शकते. दाब कमी करण्यासाठी हेलियम सोडला, तर रात्री गॅस आकसल्यावर यान ढिले पडते आणि खाली येऊ लागते.

ऋतूचा काय संबंध?

दिवसा खाली पांढरे ढग असतील, तर ते ऊन परतवतात आणि यान खालूनही तापते. रात्री तापलेली जमीन त्याला थोडी ऊब देते. पण पावसाळ्यातले उंच, थंड ढग मध्ये आले की ती ऊब अडते. म्हणून तेच यान, त्याच उंचीवर, मे आणि जुलैमध्ये वेगळे वागते. वाराही महत्त्वाचा. वाऱ्याबरोबर वाहणारे यान कमी निवते. वाऱ्याला तोंड देत एका जागी थांबणारे अधिक निवते, पण त्यासाठी इंजिनाला वीज लागते.

पुढे काय?

श्योपूरच्या उड्डाणात आवरणातील दाब नियंत्रित करणारी आणि आणीबाणीत गॅस सोडणारी यंत्रणा तपासण्यात आली. मात्र ६२ मिनिटांत दिवस-रात्रीचे पूर्ण चक्र अनुभवता येत नाही. पुढच्या चाचण्यांत उंचीच्या आकड्याबरोबरच यानाने किती रात्री काढल्या, हेही पाहावे लागेल.