मैत्रीच्या तक्त्यावर टोमॅटो पिकत नाही

टोमॅटोचे मित्र कोण आणि शत्रू कोण, याचा एक रंगीत तक्ता गच्चीवर बाग करणाऱ्यांच्या घराघरांत पोचला आहे. त्याचा हिरिरीने प्रचार करणाऱ्या एका गृहस्थांचे म्हणणे थोडक्यात असे: विटांचा उंच वाफा करा, मधोमध टोमॅटो लावा, चार कोपऱ्यांत झेंडू, बाजूला तुळस, आणि जागा उरलीच तर एकाच कुळातली म्हणून मिरची-वांगी. मग कीड फिरकत नाही, फळाला चव येते, औषध मारावे लागत नाही. ऐकणारे माना डोलावतात आणि रोपवाटिकेतला झेंडू संपतो. पुढे टोमॅटो किडतो तेव्हा दोष लागतो तो नवख्या माणसाच्या हाताला, तक्त्याला नव्हे. म्हणून या मताचा समाचार घेणे भाग आहे.

आधी झेंडू. टोमॅटोत झेंडू लावण्याची शिफारस खरी आहे. बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेने ती केली, पण कशी? टोमॅटोच्या 16 ओळींमागे उंच आफ्रिकन झेंडूची 1 ओळ. टोमॅटोचे रोप 25 दिवसांचे, झेंडूचे 40 ते 45 दिवसांचे, आणि लागवड एकाच वेळी. दोन्ही पिके एकदम फुलावर यावीत यासाठी हा हिशेब आहे. फळ पोखरणाऱ्या अळीचा पतंग झेंडूच्या कळ्या-फुलांवर आवडीने अंडी घालतो, म्हणून झेंडू हे सापळा पीक. सापळ्याकडे कीड ओढली जाते. आमचे गृहस्थ सांगतात की ती पळते! शिफारशीचा अर्थ इतका उलटा लावायला विशेष अभ्यास लागत असावा. शिवाय सापळा लावून झोपता येत नाही. झेंडूवरच्या अळ्या वेचून मारल्या नाहीत, तर आपण त्यांना हातभर अंतरावर टोमॅटो राखून ठेवलेला असतो. चार रोपांच्या वाफ्यात 16 ओळी कोणत्या आणि एक कोणती, हेही कोणी सांगत नाही. उन्हाळ्यात त्याच झेंडूवर लाल कोळी माजतो, तेव्हा तर हा राखणदारच दुखणे घेऊन येतो.

झेंडूचे दुसरे काम सूत्रकृमींचे. मुळांवर गाठी आणणारे हे सूक्ष्म जंत झेंडूच्या मुळांतल्या अल्फा-टर्थिएनिल या द्रव्याने मरतात, हेही खरे. पण त्यासाठी टोमॅटोच्या आधी अख्ख्या वाफ्यात दाट झेंडू घ्यावा लागतो, निदान दोन महिने. कोपऱ्यातल्या झेंडूच्या मुळांचा प्रभाव त्या कोपऱ्यापुरता. मधल्या टोमॅटोची मुळे सूत्रकृमींना मोकळीच राहतात. दसऱ्याचे तोरण सुकल्यावर वाफ्यात कुस्करून टाकायचा सल्लाही मी ऐकला आहे. द्रव्य मुळांत, आणि आपण टाकतो पाकळ्या!

असाच वाद पूर्वी अंड्यांच्या टरफलांवरून झाला होता. टोमॅटोचे बूड काळे पडले की टरफले पुरा, कॅल्शियम मिळेल, असा आग्रह होता. मातीत कॅल्शियम बहुधा पुरेसे असते. पाणी कधी जास्त, कधी कमी पडले की हे कॅल्शियम फळापर्यंत पोचत नाही. टरफले कुजायला काळ लागतो, फळ तोवर वाया जाते. तेव्हाही पाण्याची पाळी सांभाळण्यापेक्षा टरफले पुरणे लोकांना सोपे वाटले.

बाकीचे मुद्दे लवकर संपतात. तुळशीने टोमॅटोची चव वाढते म्हणतात. चव वाण, ऊन आणि झाडावर पिकण्यावर ठरते. मिरची-वांगी एका कुळातली आहेत, म्हणूनच मर रोग आणि पांढरी माशीही त्यांच्यात सामाईक आहेत. आणि वाफा खच्चून भरला की वारा खेळत नाही. पावसाळ्यात पाने ओली राहतात आणि करपा येतो.

मग सोबत लावूच नये का? लावावी, पण काम ठरवून. आपल्या शेतकऱ्याने बाजरीत तूर घेतली ती अशीच: बाजरी तीन-साडेतीन महिन्यांत निघते, मग खोल मुळांची तूर पसरते. दोघींच्या गरजेची वेळ वेगळी. वाफ्यातही टोमॅटो 45 सेंटीमीटरवर लावून काठीला बांधावा. पहिला महिनाभर मधली जागा रिकामीच असते. तिथे मेथी, कोथिंबीर, मुळा घ्यावा आणि टोमॅटो पसरायच्या आत काढावा. कोथिंबिरीची काही रोपे कडेला फुलू द्यावीत. त्या फुलांवर मावा खाणारे ढालकिडे आणि अळ्यांवर जगणाऱ्या बारीक गांधीलमाश्या येतात. टोमॅटो निघाल्यावर त्या वाफ्यात वांगी, मिरची, बटाटा नको, चवळी घ्यावी.

गृहस्थांना माझे हे मान्य नसेल, तर पुढच्या हंगामात त्यांनी दोन सारखे वाफे करावेत, एकात कोपऱ्याचा झेंडू लावावा, दुसऱ्यात नाही, आणि प्रत्येक तोड्याला किडकी फळे मोजून लिहून ठेवावीत. लोकांच्या वाफ्यांत झेंडू लावायला सांगणाऱ्याने एवढा हिशेब देणे हे त्याचे कर्तव्यच आहे.