गणवेश तीन, कर्तव्य एक

बावधनची वेस ओलांडली की खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचा विस्तीर्ण परिसर दूर नाही. भूदल, नौदल व हवाई दल यांचे भावी अधिकारी येथे तीन वर्षे एकत्र शिकतात, एका पंक्तीस जेवतात. बाहेर पडल्यावर मात्र त्यांच्या वाटा वेगळ्या होतात, आणि तरुणपणीचे ते साहचर्य बहुधा आठवणींपुरतेच उरते. याला छेद देणारे एक उदाहरण याच प्रबोधिनीत घडलेल्या अ‍ॅडमिरल अरुण प्रकाश यांच्या कारकीर्दीत सापडते.

1971 च्या डिसेंबरमधील युद्धात नौदलाचा हा तरुण वैमानिक हवाई दलाच्या 20 क्रमांकाच्या स्क्वाड्रनमध्ये हंटर विमान चालवीत होता. पाकिस्तानातील चकलाला विमानतळावरील चढाईत त्याने भाग घेतला. 1947 मध्ये ध्वनीचा वेग प्रथम ओलांडणारे अमेरिकी वैमानिक चक येगर यांचे छोटे विमानही त्या हल्ल्यात नष्ट झाले, आणि येगर यांनी तो राग पुढे आत्मचरित्रातही व्यक्त केला. अरुण प्रकाश यांना वीरचक्र मिळाले. पांढऱ्या गणवेशाच्या माणसाने निळ्या गणवेशाच्या सहकाऱ्यांसमवेत मिळविलेला हा मान होता.

पदक मिळाले की वीरकथा संपते, अशी आपली समजूत असते. येथे ती केवळ सुरू झाली. 1983 च्या डिसेंबरमध्ये गोव्यातील दाबोळी तळावर सी हॅरियर विमाने प्रथम उतरली, तेव्हा ती आणणाऱ्या स्क्वाड्रनचे नेतृत्व त्यांच्याकडे होते. पुढे त्यांनी विराट या विमानवाहू नौकेचे आणि प्रबोधिनीचेही प्रमुखपद भूषविले. 2001 मध्ये अंदमान-निकोबार येथे तिन्ही दलांचा देशातील पहिला संयुक्त विभाग स्थापन झाला, त्याचे ते पहिले सरसेनापती झाले. जुलै 2004 ते ऑक्टोबर 2006 या काळात ते नौदलप्रमुख होते.

व्यक्तीने जे साधले, ते राज्ययंत्रणेस साधण्यास किती विलंब लागला? कारगिल युद्धानंतर, 2001 मध्ये, मंत्रिगटाने तिन्ही दलांसाठी एक संरक्षणप्रमुख नेमण्याची शिफारस केली. प्रत्यक्ष नेमणूक झाली 1 जानेवारी 2020 रोजी. मधली 19 वर्षे विचारविनिमयात गेली!

प्रत्येक दलाचे युद्धशास्त्र निराळे असते, आणि मोजकी विमाने निरनिराळ्या विभागांत वाटून टाकल्यास हवाई दलाची मारकशक्ती क्षीण होईल, हा आक्षेप सहजी फेटाळण्याजोगा नाही. परंतु एकत्र येणे म्हणजे आपले वैशिष्ट्य गमावणे नव्हे. हंटरमधून लढलेला हा अधिकारी शेवटपर्यंत नौदलाचाच राहिला. उलट दुसऱ्या दलाची शक्ती व मर्यादा जवळून पाहिल्याने त्याची दृष्टी अधिक व्यापक झाली असेच म्हणावे लागेल.

शाळा-महाविद्यालयांतून वीरांच्या कथा सांगितल्या जातात, त्या सांगितल्याच पाहिजेत. पण पदकाबरोबर त्यामागची चाळीस वर्षांची शिस्तबद्ध सेवाही विद्यार्थ्यांपुढे ठेवली पाहिजे. शौर्य प्रसंगाने प्रकट होते. संस्था मात्र चिकाटीनेच उभ्या राहतात. खडकवासल्यास तीन वर्षे जोपासलेला एकोपा पुढील तीस-पस्तीस वर्षे टिकेल अशी व्यवस्था निर्माण करणे, हेच अशा सेनानींचे खरे स्मरण ठरेल.