हायब्रिडचे ॲव्हरेज ड्रायव्हरच्या पायात आहे

नवी हायब्रिड गाडी घेतलेल्या आपल्या व्यापारी बांधवांकडून सध्या एक तक्रार वारंवार ऐकू येते. शोरूममध्ये सत्तावीस-अठ्ठावीसचे ॲव्हरेज सांगितले होते, प्रत्यक्षात अठराच्या पुढे जात नाही, म्हणजे कंपनीने फसवले. बाजारात दोन माणसे भेटली की यावर चहा होतो. माझे मत थोडे वेगळे आहे. जो व्यापारी कापडाच्या सौद्यात मीटरमागे चार आण्यांसाठी दलालाशी अर्धा तास घासाघीस करतो, तोच पंधरा-वीस लाखांची गाडी घेऊन किल्ली ड्रायव्हरच्या हातात देतो आणि ती कशी चालवायची हे ना स्वतः समजून घेतो ना त्याला सांगतो. मग ॲव्हरेज कुठून मिळणार?

प्रथम माल ओळखावा. आपल्या बाजारात पॉलिएस्टर मिसळलेले कापडही ‘कॉटन’ म्हणून खपते. गिऱ्हाइकाने धागा जाळून पाहिला तरच कळते. ‘हायब्रिड’ या नावाचेही तसेच झाले आहे. एक माइल्ड हायब्रिड असते. तिच्यात छोटी मोटर इंजिनाला थोडा हात देते, पण केवळ विजेवर गाडी चालवू शकत नाही. दुसरी स्ट्राँग हायब्रिड. तिच्यात मोटर आणि बॅटरी एवढी असते की हळू चालीत इंजिन पूर्ण बंद राहते आणि गाडी विजेवर चालते. मारुती ग्रँड व्हिटारा २०२२ साली बाजारात आली तेव्हा एकाच नावाखाली हे दोन्ही प्रकार होते. माइल्डच्या मॅन्युअल गाडीचा सरकारी चाचणीचा आकडा लिटरला सुमारे २१ किलोमीटर आणि स्ट्राँगचा सुमारे २८. टोयोटा हायरायडर, होंडा सिटीचे ई-एचईव्ही मॉडेल आणि इनोव्हा हायक्रॉसचे हायब्रिड मॉडेल हे स्ट्राँग प्रकारातले. माइल्ड घेऊन स्ट्राँगच्या आकड्याची अपेक्षा करणाऱ्याला कोणीही मदत करू शकणार नाही. पुढचे सर्व लिखाण स्ट्राँग हायब्रिडविषयी आहे.

हे २८ आकडेही कुठून येतात ते पाहावे. ही चाचणी रस्त्यावर होत नाही, प्रयोगशाळेत रोलरवर गाडी चढवून होते. ठराविक क्रमाने वेग वाढवतात, कमी करतात, थांबवतात. त्यात सर्वाधिक वेग ताशी ९० किलोमीटर असतो आणि एसी बंद असतो. मे महिन्यात भर दुपारी भिवंडीहून काळबादेवीला जाणाऱ्या माणसाचा आणि या चाचणीचा संबंध कितपत, ते ज्याचे त्याने ठरवावे. शिवाय पंपावरचे पेट्रोलही बदलले आहे. २०२५ पासून देशात पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळले जाते. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. गणिताने लिटरमागे सहा-सात टक्के ऊर्जा घटते. इंजिन त्या इंधनासाठी जुळवलेले असेल तर ॲव्हरेजमधली घट त्याहून कमी राहते. म्हणून चाचणीच्या आकड्याचा उपयोग एका गाडीची दुसरीशी तुलना करण्यापुरता करावा. आपल्या खर्चाचा अंदाज त्यावरून बांधू नये.

आता मुख्य मुद्दा. ही गाडी पेट्रोल वाचवते ते कसे? साध्या गाडीत ब्रेक दाबला की गाडीची गती ब्रेकपॅड तापवण्यात वाया जाते. हायब्रिडमध्ये तीच मोटर उलटी फिरून जनरेटर होते आणि त्या गतीचा काही भाग वीज बनून बॅटरीत जातो. पुन्हा निघताना ती वीज कामी येते. सिग्नलला इंजिन बंद, रांगेत सरकताना इंजिन बंद. म्हणजे जिथे साधी गाडी सर्वांत जास्त पेट्रोल खाते, तिथेच ही सर्वांत जास्त वाचवते. मोकळ्या हायवेवर ताशी शंभरने ब्रेक न लावता चाललात तर साठवायला काही नाही आणि इंजिन बंद ठेवायला वाव थोडा.

यावरून हिशेब मांडू. पेट्रोल लिटरला १०० रुपये, महिन्याचे रनिंग १,५०० किलोमीटर आणि हायब्रिडसाठी मोजलेले जादा पैसे २ लाख रुपये, असे सोयीसाठी धरू. एक व्यापारी रोज काल्हेर, कशेळी, माजिवडा करत मुंबईच्या बाजारात जातो. ऑटोमॅटिक पेट्रोल गाडी त्याला या गर्दीत १२ देत असेल आणि हायब्रिड २० देत असेल, तर महिन्याला १२५ लिटरच्या जागी ७५ लिटर लागतील. पाच हजार रुपये वाचले. दोन लाख चाळीस महिन्यांत वसूल. दुसऱ्या व्यापाऱ्याचे रनिंग तेवढेच, पण तो अंजूरफाट्याहून चिंचोटीला अहमदाबाद हायवे पकडून सुरतेला जातो-येतो. त्याला साधी गाडी १६ देते आणि हायब्रिड १९. महिन्याला जेमतेम १५ लिटर वाचतात, पंधराशे रुपये. त्याचे दोन लाख वसूल व्हायला अकरा वर्षे लागतील. गाडी एकच, पेट्रोल एकच. म्हणून आपला रस्ता कोणता हे गाडी घेण्याआधी पाहायचे असते.

सरकारकडून फारशी सवलत आहे असेही समजू नये. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे नवे दर आले. त्यात वीजगाडीवर ५ टक्के आणि चार मीटरहून लांब हायब्रिडवर मोठ्या पेट्रोल गाडीइतकाच ४० टक्के कर आहे. आणि कापडाचा व्यापारी ही गाडी दुकानाच्या नावावर घेईल तरी त्या कराचे क्रेडिट त्याला मिळत नाही, कारण माणसे वाहणाऱ्या अशा लहान गाड्यांचे क्रेडिट कायद्यानेच अडवलेले आहे. सीएला विचारून खात्री करून घ्यावी. तेव्हा वाचवायचे ते रस्त्यावरच.

ज्यांनी घेतली आहे त्यांनी ड्रायव्हरच्या दोन सवयी आधी मोडाव्यात. पहिली, सिग्नलला आणि उतारावर गाडी न्यूट्रल करण्याची. जुन्या गाड्यांवर शिकलेल्या माणसाला यात पेट्रोल वाचते असे पक्के वाटते. टोयोटाच्या पद्धतीच्या हायब्रिडमध्ये न्यूट्रलला बॅटरी चार्जच होत नाही. उतारावर फुकट मिळणारी वीज गेली, आणि गर्दीत बराच वेळ न्यूट्रलला उभे राहिल्यास बॅटरी उतरत जाते. गाडी ‘डी’मध्येच ठेवून ब्रेकवर पाय ठेवावा. इंजिन गरज नसेल तेव्हा आपोआप बंद होते, त्यासाठी ड्रायव्हरच्या मेहेरबानीची गरज नाही.

दुसरी सवय, शेवटच्या क्षणी जोरात ब्रेक मारण्याची. मोटर एका मर्यादेपर्यंतच गती परत घेऊ शकते. जोरात पाय पडला की उरलेले काम साधे ब्रेकपॅड करतात आणि ती ऊर्जा गेली. पुढचा सिग्नल लाल दिसला की लांबूनच पाय उचलावा, मग हलकेच ब्रेक लावावा. मात्र परत मिळणारी वीज खर्च झालेल्या पेट्रोलाएवढी कधीच नसते. यंत्रमागावरचे वेस्ट सूत विकून चार पैसे येतात, म्हणून कोणी मुद्दाम वेस्ट काढत नाही. ब्रेकचेही तेच. उत्तम ड्रायव्हर तो, ज्याला ब्रेक फारसा लावावाच लागत नाही.

आता एक चूक अशी की जी काटकसरी माणसेच जास्त करतात. मीटरवर विजेवर चालण्याचा हिरवा दिवा लागतो, तो विझू नये म्हणून ते मुंगीच्या पावलाने गाडी नेतात. मागून हॉर्न वाजत असतात आणि यांना वाटते पेट्रोल वाचतेय. हायरायडर आणि ग्रँड व्हिटाराची हायब्रिड बॅटरी एका युनिटहूनही लहान आहे. ती थोड्याच अंतरात उतरते, मग इंजिनाला पेट्रोल जाळून ती भरावी लागते. पेट्रोलची वीज, विजेची पुन्हा गती, या प्रत्येक फेऱ्यात काहीतरी गळते. इंजिन चालते तेव्हा त्याच्याकडून नीट काम करून घ्यावे हे बरे. मीटरवर चार्ज, इको आणि पॉवर असे भाग असतात. निघताना काटा इकोच्या वरच्या भागात ठेवून गाडी बेताने पण रेंगाळू न देता पन्नास-साठपर्यंत न्यावी. मग पाय जरा उचलावा, इंजिन बंद होईल. त्यानंतर अगदी हलक्या पायाने तो वेग टिकवावा. दोन आठवडे ड्रायव्हरशेजारी बसून हे पाहिले तर त्यालाही जमते. तरुण पोरे तर यात शर्यत लावतात.

हायवेवर वेगाशिवाय दुसरा मोठा उपाय नाही. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ८० ऐवजी ११० ने गेलात तर तो जवळजवळ दुप्पट होतो. सुरतेला अर्धा-पाऊण तास आधी पोहोचून मार्केट उघडण्याची वाट पाहत बसणारे मी पाहिले आहेत. कसाऱ्यासारखा लांब घाट उतरताना बॅटरी लवकर भरते, मग जादा वीज घ्यायला जागा उरत नाही. गिअरच्या दांड्यावर ‘बी’ असेल तर अशा वेळी ते वापरावे. त्याने पेट्रोल वाचते असे नव्हे, ब्रेक तापत नाहीत. सपाट रस्त्यावर ‘बी’चे काही काम नाही.

एसीविषयी थोडक्यात. या गाड्यांत एसीचा कॉम्प्रेसर विजेवर चालतो, म्हणून सिग्नलला इंजिन बंद असतानाही गारवा मिळतो. पण ती वीज बॅटरीतूनच जाते आणि नंतर इंजिनच ती भरून काढते. मालकाची वाट पाहत ड्रायव्हर दोन तास एसी लावून गाडीत झोपला, तर त्या दिवसाचे ॲव्हरेज शून्य किलोमीटरवर पेट्रोल जाळल्याचे असेल. गाडी सावलीत लावावी, निघताना आधी काचा उघडून गरम हवा बाहेर जाऊ द्यावी, मग २४-२५ वर ठेवावे. फार लहान फेऱ्याही महाग पडतात. गार इंजिन सुरुवातीला स्वतः गरम होण्यासाठी चालते, तेव्हा बँक, साइझिंग आणि ट्रान्सपोर्टची कामे एकाच फेरीत करावीत.

आपल्या धंद्यासाठी एक खास गोष्ट सांगावीशी वाटते. अनेक हायब्रिड गाड्यांत बॅटरी थंड ठेवणारा पंखा आतली हवा मागच्या सीटजवळच्या जाळीतून ओढतो. आपल्या गाड्यांत मागे सॅम्पलचे तागे आणि कोऱ्या कापडाचे गठ्ठे ठेवलेले असतात. जाळी झाकली गेली किंवा सुताच्या कसाने भरली की बॅटरी तापते, आणि तापलेली बॅटरी कमी काम करते. शोरूममध्ये जाळी कुठे आहे ते विचारून घ्यावे आणि तिची सफाई सर्व्हिसमध्ये लिहून द्यावी. गेल्या हंगामाचे सॅम्पल डिकीत फिरवू नयेत, चाळीस-पन्नास किलोचे ओझे फुकट वाहिले जाते. टायरची हवा दरवाजाजवळच्या पट्टीवर लिहिलेली असते तेवढीच, सकाळी टायर गार असताना भरावी. इंजिनात कंपनीने सांगितलेले पातळ तेलच टाकावे. ओळखीचा मिस्त्री जाड तेलाचा आग्रह धरील, त्याला चहा पाजावा आणि परत पाठवावे.

ॲव्हरेज मोजायचे ते मीटरच्या पडद्यावरून नव्हे. एकाच पंपावर टाकी फुल करावी, किलोमीटर लिहावेत, पुन्हा फुल करताना किती लिटर बसले ते लिहावे आणि भागाकार करावा. एका टाकीवरून काही ठरवू नये, निदान चार टाक्यांची सरासरी घ्यावी. नव्या गाडीचे पहिले हजार-दीड हजार किलोमीटर तर हिशेबात धरूच नयेत. वहीत शहर आणि हायवे असे वेगळे रकाने ठेवले म्हणजे गाडी कमी देते की रस्ता बदलला हे कळते.

ड्रायव्हरला यात हिस्सा द्यावा असे मला ठामपणे वाटते. पेट्रोल मालकाचे आणि पाय त्याचा, तर वाचवण्यात त्याला रस का असावा? पहिल्या दोन महिन्यांची सरासरी पाया धरावी. त्या रनिंगला ७५ लिटर लागत असतील आणि पुढच्या महिन्यात ६८ लागले, तर सात लिटरच्या पैशातले अर्धे त्याचे. साडेतीनशे रुपये फार नाहीत, पण ज्या पायावर आपला महिन्याचा खर्च अवलंबून आहे त्याला ते कळतात. मात्र पाहुणे बसलेले असताना एसी बंद करायचा नाही आणि उतारावर न्यूट्रल करायचे नाही, हे आधीच सांगून ठेवावे. पंपाच्या पावत्या वहीला लावाव्यात आणि ही रक्कम पगारात मिसळू नये, वेगळी द्यावी.