भांडवलाआधी स्वतःची पारख

बीड जिल्ह्यातील तरुणाला 'धंदा का करीत नाहीस?' असे विचारले तर उत्तर ठरलेले असते : भांडवल नाही. ज्याचा धंदा आधीपासून चालू आहे, त्याला 'तो वाढत का नाही?' असे विचारले तरी तो हेच सांगतो. ही अडचण खोटी आहे असे आम्ही म्हणणार नाही. ज्या जिल्ह्यातून दसरा-दिवाळीच्या सुमारास हजारो कुटुंबे कोयता घेऊन ऊसतोडीला निघतात, जेथे पावसाने ओढ दिली की मोंढा ओस पडतो, तेथे पैशाची चणचण असणारच. परंतु आपल्याच गल्लीत गेल्या काही वर्षांत किती दुकाने उघडली, किती बंद पडली आणि का बंद पडली, याचा हिशेब वाचकांनी मनाशी मांडून पाहावा. पैशाअभावी अडलेले त्यांत आढळतील, पण पैसा हातात आल्यावर बुडालेलेही कमी आढळणार नाहीत.

आमच्या मते धंद्याचे पहिले भांडवल म्हणजे धंदा करणाऱ्याला असलेली स्वतःची ओळख. आपल्याला काय येते, काय येत नाही, कशाचा मोह आवरत नाही आणि कोणाचे खरे बोलणे ऐकवत नाही, एवढे ज्याला कळले तो थोड्या पैशातही उभा राहतो. ज्याला हे कळले नाही त्याला मिळालेले कर्ज संकटच ठरते.

हा विचार आताच का?

१७ सप्टेंबर २०२५ रोजी बीड ते अहिल्यानगर रेल्वे सुरू झाली. अहमदनगर-बीड-परळी मार्गाला मंजुरी मिळाली ती १९९५ च्या सुमारास, म्हणजे एक पिढी वाट पाहण्यात गेली. आता रेल्वेमुळे व्यापार वाढेल, अशी आशा सर्वत्र व्यक्त होत आहे. ती रास्तही आहे. परंतु रेल्वे जसा आपला माल बाहेर नेते, तसाच बाहेरचा माल आणि बाहेरचा व्यापारीही आत आणते. मोबाईलवरून माल मागविण्याच्या सोयीने तर हे काम आधीच सुरू केले आहे. आजवर रस्त्यांच्या आणि अंतराच्या अडचणीने आपल्या बाजारपेठेला जे कुंपण मिळाले होते, ते हळूहळू मोडत आहे. अशा वेळी 'आमच्या आजोबांपासून दुकान आहे' हे सांगणे पुरेसे ठरणार नाही. गिऱ्हाईक आजोबांना ओळखत नाही, ते समोरच्या माणसाला पाहते.

आपण नेमके काय विकतो?

निजामाच्या राजवटीत बीडची चामड्याची छागल नावाजलेली होती. प्रवासाला निघालेला माणूस पाणी थंड राहावे म्हणून ती सोबत घेई. पुढे थर्मास आले, प्लास्टिकच्या बाटल्या आल्या आणि छागल नाहीशी झाली. काळ बदलला की वस्तू जातात, त्याचे दुःख करण्यात अर्थ नाही. प्रश्न असा की, प्रवाशाची तहान तर राहिलीच ना? आज त्याच तहानेवर पाण्याच्या जारचा आणि बाटल्यांचा केवढा धंदा उभा आहे! आपण चामडे शिवणारे आहोत की प्रवाशाला थंड पाणी पुरविणारे आहोत, हा प्रश्न ज्याने स्वतःला वेळेवर विचारला असेल, त्याला पुढची वाट दिसली असेल.

हाच प्रश्न आज आपल्यातील अनेक व्यावसायिकांपुढे आहे. पिंजाऱ्याची धनुकली गेली, तिच्या जागी पिंजणयंत्र आले आणि आता तयार फोमच्या गाद्या आल्या. जो स्वतःला केवळ कापूस पिंजणारा समजतो त्याचे काम संपत आले आहे. ज्याने ओळखले की आपण लोकांना सुखाची झोप देतो, तो कापसाच्या गादीबरोबर फोमची गादीही ठेवतो, उशा, अभ्रे, सोफ्याचे काम घेतो आणि जुन्या गिऱ्हाइकाला 'तुमच्या पाठीला कापूसच बरा' हे विश्वासाने सांगू शकतो.

बागवानांचे उदाहरण याहून बोलके आहे. बालाघाटच्या डोंगररांगांतील सीताफळ ही या जिल्ह्याची शान. 'बीड सीताफळ' या नावाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. पण हे फळ नाजूक. झाडावरून उतरले की दोन-चार दिवसांत पिकते आणि पिकले की हातात राहत नाही. म्हणून भाव पडला तरी विकावेच लागते. यावर उपाय म्हणजे गर काढून तो गोठवून ठेवणे आणि आईस्क्रीम, रबडी करणाऱ्यांना वर्षभर पुरविणे. येथे स्वतःची पारख कामाला येते. बागेत उभे राहून नुसत्या नजरेने माल जोखणे ही बागवानाची पिढीजात विद्या आहे, ती कोणत्याही महाविद्यालयात मिळत नाही. याउलट शीतगृह चालविणे, स्वच्छतेचे नियम पाळणे, अन्न परवान्याची कागदपत्रे सांभाळणे हे त्याचे काम नव्हे. ज्याला हे दोन्ही मान्य आहे तो खरेदी आपल्याकडे ठेवतो आणि प्रक्रियेसाठी जाणकार भागीदार शोधतो. ज्याला केवळ पहिलेच दिसते तो स्वतःच कारखाना टाकतो आणि वीज बिलापाशी अडकतो. दुसऱ्या चुकीत तो आपली विद्याच विसरतो आणि दुसऱ्याच्या कारखान्यात हमालीला जातो.

दोन उदाहरणे

आष्टी तालुक्यातील सांगवीचे दादासाहेब भगत यांचे नाव आता देशभर गेले आहे. ऊसतोड मजुराच्या घरचा हा मुलगा. शिक्षण दहावी आणि पुढे आयटीआय. पुण्यात इन्फोसिसच्या अतिथिगृहात झाडलोट आणि चहापाण्याचे काम त्यांनी केले. तेथे संगणकावर काम करणारी माणसे त्यांनी पाहिली. आपल्याजवळ पदवी नाही, हे त्यांनी स्वतःपासून लपविले नाही. जेथे पदवीपेक्षा हातातील कलेला किंमत आहे असे कोणते काम आहे, याची त्यांनी चौकशी केली. उत्तर मिळाले : ग्राफिक डिझाइन. मग दिवसा नोकरी आणि कामानंतर शिक्षण असा क्रम त्यांनी चालविला. पुढे स्वतःची कंपनी काढली. २०२० च्या टाळेबंदीत गावी परतावे लागले तेव्हा मोबाईलची रेंज मिळावी म्हणून डोंगरावरील गुरांच्या गोठ्यात संगणक मांडून काम सुरू ठेवले. २०२४ मध्ये दूरदर्शन वाहिन्यांवर गाजलेल्या 'शार्क टँक इंडिया' या कार्यक्रमात त्यांच्या 'डूग्राफिक्स'मध्ये दहा टक्के हिश्श्यासाठी एक कोटी रुपये गुंतविण्याची तयारी अमन गुप्ता या उद्योजकाने दाखविली. लोकांच्या लक्षात राहतो तो हा एक कोटीचा आकडा. आमच्या लेखी मोठेपण त्या पहिल्या चौकशीचे आहे. उणीव मान्य केली म्हणूनच तिला वळसा घालणारा रस्ता सापडला.

दुसरे उदाहरण खान्देशातील अमळनेरचे. तेथे १९४५ साली 'वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स' ही वनस्पती तुपाची कंपनी स्थापन झाली. १९६६ मध्ये संस्थापक वारले आणि एकवीस वर्षांचे चिरंजीव अझीम प्रेमजी अमेरिकेतील शिक्षण अर्धवट टाकून परतले. बापाची गादी होती, नाव होते, कारखाना होता. परंतु आपल्याला कारखानदारीतले कळत नाही, हे त्यांनी जाणले. ते कामावर शिकत गेले आणि आपल्यापेक्षा जास्त जाणणारी माणसे त्यांनी नोकरीस ठेवली. तूप-साबणाची कंपनी पुढे संगणकाच्या क्षेत्रात उतरली आणि 'विप्रो' म्हणून जगभर ओळखली गेली. विशेष म्हणजे अर्धवट राहिलेली पदवी त्यांनी सुमारे तीस वर्षांनी, अब्जाधीश झाल्यानंतर पूर्ण केली. तेव्हा त्या कागदाची त्यांना काय गरज होती? परंतु शिकण्याचे काही राहून गेले आहे, ही जाणीव त्यांनी श्रीमंतीखाली दडपू दिली नाही.

धंदा माणसाच्या पुढे पळतो तेव्हा

याची दुसरी बाजू बीडकरांना सांगण्याची गरज नाही. २०२३ च्या ऑक्टोबर महिन्यात कुटे उद्योगसमूहावर प्राप्तिकर खात्याचे छापे पडले आणि त्याच घरातून चालणाऱ्या 'ज्ञानराधा' मल्टिस्टेट पतसंस्थेत पैसे काढण्यासाठी रांगा लागल्या. पुढे शाखांना कुलपे लागली आणि २०२४ मध्ये प्रमुखांना अटक झाली. ठेवींचा पैसा समूहाच्या उद्योगांकडे वळविला गेला, असा तपास यंत्रणांचा आरोप आहे. दोषी कोण, हे ठरविणे न्यायालयाचे काम आहे. आम्ही त्यात पडत नाही. परंतु या जिल्ह्यात कोणाच्या मुलीच्या लग्नाची रक्कम, कोणाच्या निवृत्तीची पुंजी, कोणा छोट्या दुकानदाराचे खेळते भांडवल अडकले, हे घरोघरी ठाऊक आहे. यातून प्रत्येक व्यापाऱ्याने स्वतःसाठी एक प्रश्न घ्यावा. माझ्या हातातील पैशात माझा किती आणि दुसऱ्याचा किती? गल्ल्यातील नोटांवर हे लिहिलेले नसते. ते व्यापाऱ्याच्या मनात आणि वहीत लिहिलेले असावे लागते.

लहान दुकानातही हेच घडते. उचलीचे पैसे हातात पडले की बाजाराला भरती येते. चार दिवस विक्री जोरात होते. दुकानदाराला वाटते, आपण मोठे झालो. त्याच भरात तो दुसरे दुकान घेतो, घराचा मजला चढवितो किंवा लग्नात ऐपतीबाहेर खर्च करतो. नंतरचे सहा महिने उधारीत जातात. घाऊक व्यापाऱ्याचे देणे थकते आणि दोष मात्र मंदीला दिला जातो. वास्तविक मंदी दर वर्षी त्याच महिन्यांत येते. न ओळखलेला असतो तो स्वतःचा स्वभाव. कोणाला 'नाही' म्हणवत नाही म्हणून उधारी वाढते, तर कोणाला भावापुढे कमीपणा नको म्हणून दुकान वाढते. कोणी मुलाने सुचविलेला बदल केवळ तो मुलाने सुचविला म्हणून नाकारतो.

एक आक्षेप

काही वाचक म्हणतील, गरिबाला पैसा द्यायचा सोडून हा उपदेश कशाला? आक्षेप योग्य आहे. बँकेच्या दारात अनेकांना हेलपाटे घालावे लागतात, तारण नसलेल्याचे कोणी ऐकत नाही, आणि आत्मपरीक्षणाने कोणाची शिलाई मशीन विकत येत नाही. २०१५ पासून मुद्रा योजना आहे, मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळ आहे. त्यांचा लाभ हक्काने मागितलाच पाहिजे आणि तो मिळत नसेल तर आवाजही उठविला पाहिजे. परंतु किती मागावे, कशासाठी मागावे आणि फेडीचा हप्ता कोणत्या महिन्यात जड जाईल, हे बँकेचा साहेब सांगणार नाही. ते अर्जदारालाच ठाऊक असले पाहिजे. शेजाऱ्याने दहा लाख घेतले म्हणून आपणही दहा लाखांचा अर्ज भरणे, ही स्वतःची ओळख नसल्याची खूण आहे.

मग करावे काय?

मोठमोठी पुस्तके वाचण्याची किंवा शहरातील महागड्या शिबिरांना जाण्याची गरज नाही. आम्ही चार साध्या गोष्टी सुचवितो.

पहिली, घर आणि दुकान यांचा हिशेब वेगळा ठेवावा. मालकाने दरमहा स्वतःचा पगार ठरवून तेवढाच उचलावा. दोन-तीन महिन्यांतच कळेल की दुकान आपल्याला पोसते आहे की आपण दुकानाला खात आहोत.

दुसरी, भाऊ असो की जिवलग मित्र, भागीदारी आणि देवघेव लिहून ठेवावी. ही शिकवण आपल्याला नवी नाही, अंमल मात्र विरळा आहे. लिहिण्यात अविश्वास नसतो. उलट, पुढचे भांडण टळते आणि नाते वाचते.

तिसरी, वर्षातून एकदा आठ दिवस दुकानापासून दूर राहावे. परतल्यावर जे काम अडलेले दिसेल ते आपण कोणालाच शिकविले नाही, असे समजावे.

चौथी आणि सर्वांत अवघड, आपल्याला खरे सांगणारा एक माणूस जवळ ठेवावा. तो जुना मुनीम असेल, पत्नी असेल, मुलगी असेल किंवा दुकानातील पोऱ्याही असेल. अनेक घरांत धंद्याची नाडी बायकांना अधिक चांगली कळते, पण त्यांना कोणी विचारीत नाही. सुटून गेलेल्या गिऱ्हाइकालाही एकदा विचारावे, 'आमचे काय चुकले?' उत्तर कडू लागेल, पण बाहेरच्या कोणत्याही सल्लागाराकडून ते मिळणार नाही.

बीडच्या माणसाच्या अंगी कष्ट कमी नाहीत. पहाटेच्या थंडीत उसाच्या फडात उभे राहणाऱ्या जिल्ह्याला मेहनत शिकविण्याची गरज नाही. ही मेहनत आजवर बहुधा दुसऱ्याच्या कारखान्याला आणि दुसऱ्याच्या दुकानाला उपयोगी पडली. ती स्वतःच्या धंद्यात लावायची असेल, तर नव्या दुकानाच्या फलकावर नाव रंगविण्याआधी प्रत्येकाने एक कागद घ्यावा. त्याच्या एका बाजूला आपल्याला काय येते ते लिहावे आणि दुसऱ्या बाजूला काय येत नाही ते. दुसरी बाजू कोरी राहिली, तर कर्जाचा अर्ज काही दिवस लांबविणेच शहाणपणाचे ठरेल.