पदवीपलीकडचे संशोधन

इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांचे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यात निधन झाले आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ त्याच शहरात उभे राहिले. गावोगाव हिंडून मूळ कागद मिळवावा, तो पारखावा आणि मगच निष्कर्ष काढावा, हा त्यांचा वारसा. शैक्षणिक तंत्रज्ञानाच्या बाबतीत आज खान्देशाला त्याच वृत्तीची निकड आहे.

२०२० च्या टाळेबंदीत वर्ग भ्रमणध्वनीवर भरले. परंतु घरी अहिराणी, पावरी वा मावची बोलणाऱ्या मुलाला पडद्यावरची प्रमाण मराठी कितपत उमगते? मुंबईच्या आयआयटीने २०१० मध्ये या विषयात पीएच.डी.ची सोय केली, हे स्वागतार्हच. तथापि सातपुड्यातील वर्ग समजून घेण्यास तेथील बोली जाणणारा संशोधकच हवा.

तो घडविण्याचे दायित्व जळगावच्या विद्यापीठाचे आहे. १९९० मध्ये स्थापन झालेल्या या विद्यापीठाला २०१८ मध्ये अक्षरओळख नसलेल्या बहिणाबाई चौधरींचे नाव लाभले. ते नाव सार्थ करायचे, तर पीएच.डी. ही केवळ पदोन्नतीची पायरी राहता कामा नये. प्रश्नावल्या वाटून टक्केवारी मांडल्याने प्रबंध होतो, ज्ञान होत नाही. शिक्षणशास्त्र व संगणकशास्त्र यांचे मार्गदर्शक एकत्र यावेत. शाळेतील शिक्षकाला वर्षभर वर्गनिरीक्षणासाठी रजा व शिष्यवृत्ती मिळावी. प्रयोग फसला तर तेही निर्भयपणे नोंदविले जावे.

यंत्रे बाहेरून विकत आणता येतात. त्यांनी आपल्या मुलांना काय शिकविले, याचे उत्तर मात्र खान्देशाला स्वतःच शोधावे लागेल.